जुनी फियाट घेताना: आधी पत्रा, मग कागद, इंजिन सगळ्यात शेवटी

ज्यांना ऐकायला वेळ नाही आणि ज्यांची बसमध्ये रेंज जाते, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. मी बोलताना जिथे जिथे "अॅक्च्युअली" म्हणालो ते काढून टाकलं, म्हणून थोडा छोटा झालाय. बाकी तसाच.

सुरुवात पैशांपासून करतो. गेल्या वर्षी मी एका जुन्या गाडीसाठी २५ हजार रुपये विसार दिला आणि ते पैसे गेले. गाडी ठरली होती दोन लाख चाळीस हजारांना. मी ती घेतली नाही, म्हणून विसार बुडाला. पण घेतली असती तर उरलेले दोन लाख पंधरा हजारही गेले असते, आणि वर आरटीओच्या नाहीतर पोलिसांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या. ती गाडी मी का सोडली आणि दुसरी कशी निवडली, तेवढंच आज सांगणार आहे.

खरं तर मला फियाट नकोच होती. मला स्पोर्ट्स कार हवी होती. दोन दारांची, खाली बसकी, जुनी. आता आपल्याकडे जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे काय, हा मुळात प्रश्नच आहे. एक पर्याय गोव्याचा. तिथे सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म नावाची गाडी बनवली होती. दोन सीटा, उघडं छप्पर, फायबरग्लासची बॉडी आणि रेनोचं १.२ लिटरचं इंजिन. दिसायला खेळण्यातल्या गाडीसारखी गोड. बॉडी फायबरची म्हणजे गंजाचं टेन्शन नाही, असं मला वाटलं होतं. पण फायबरच्या खाली सांगाडा लोखंडाचाच असतो आणि तो गंजला तर बाहेरून कळतसुद्धा नाही. शिवाय गाड्याच इतक्या कमी बनल्या की समोरची काच फुटली तर शोधायची कुठे? दुसरा पर्याय स्टँडर्ड हेराल्ड, मद्रासला बनायची. तिकडे विलायतेत ट्रायम्फ कंपनीने हेराल्डच्याच पायावर स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार उभी केली. म्हणजे खानदान चांगलं. पण चांगली हेराल्ड माझ्या बजेटमध्ये सापडली नाही आणि बजेटमध्ये सापडलेली बघवत नव्हती.

मग उरली फियाट. हसू नका. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या तेव्हा हौशी लोक हेराल्ड आणि फियाटच तर पळवायचे. घरचीच गाडी, सायलेन्सर बदललेला, कार्बोरेटर पाजळलेला. आपल्या देशात गरिबाची स्पोर्ट्स कार हीच होती.

आणि फियाटचं सोलापूरशी नातं आहे, जे मला पंचविशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली उभी केली वालचंद हिराचंद यांनी. जन्म सोलापूरचा, १८८२ चा. माझ्या कॉलेजच्या नावातच वालचंद आहे. इतकी वर्षं फाटकातून आत जाताना ते नाव वाचलं, पण काळ्या-पिवळ्या टॅक्सीशी कधी जोडलं नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ अशा गाड्या जोडल्या जायच्या, नंतर फियाट आली. १९५४ च्या सुमाराची ती गोल पाठीची, जिला लोक डुक्कर फियाट म्हणायचे. मग १९६४ ची डिलाइट आणि १९७४ पासून पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक हॉर्सपॉवर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. आजच्या हिशोबाने काहीच नाही. पण गोल दिवे, क्रोमची जाळी, आणि तो दरवाजा बंद होतानाचा ठप्प आवाज!

तर ही चमकदार गाडी मला ऑनलाइन सापडली. गाव सांगत नाही, विकणाऱ्याचं नावही नाही. क्रीम रंग, लाल सीट, क्रोम असा की आरसा. मॉडेल १९८६, "खाजगी वापरातली, सिंगल हँड". व्हिडिओ कॉलवर त्याने इंजिन चालू करून दाखवलं, अगदी शिवणयंत्रासारखं. "आणखी दोन पार्ट्या लाइनमध्ये आहेत" म्हणाला. मी रात्री अकरा वाजता पैसे पाठवले. रोज कोड रिव्ह्यू करणारा माणूस मी, दुसऱ्याच्या चार ओळी वाचल्याशिवाय पुढे सोडत नाही. आणि इथे अडीच लाखांची गाडी फोटोवर पास केली.

सोलापुरात अक्कलकोट रोडला एक गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रींना सगळे चाचाच म्हणतात. पन्नास वर्षं हेच काम. वडिलांची स्कूटर त्यांच्याकडेच जायची. त्यांना फोटो दाखवले तर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "तोंड बघून लग्न जमवलास की काय बे? घरदार बघितलास का?" रविवारी ते माझ्यासोबत यायला तयार झाले, एका अटीवर: पोचेपर्यंत विकणाऱ्याला फोन करायचा नाही. का, ते पुढे सांगतो.

चाचांनी खिशातून काय काढलं? फ्रिजवर चिकटवतात तसलं एक चुंबक, रुमालात गुंडाळलेलं. रुमाल अशासाठी की रंगाला ओरखडा पडू नये आणि ओढ जरा हलकी व्हावी. ते आधी छपरावर लावलं. चिकटलं. छप्पर सहसा गंजत नाही, म्हणून तो आपला नमुना: चांगल्या पत्र्यावर चुंबक इतकं धरतं. मग तेच मागच्या चाकाच्या कमानीवर, दाराच्या तळाशी, पुढच्या मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात. तिथे चुंबक घसरून खाली. पुन्हा लावलं, पुन्हा खाली. म्हणजे रंगाखाली पत्रा नाही, लांबी आहे. लांबी म्हणजे डेंटिंगवाले खड्डा भरायला लावतात ती पुट्टी. पातळ थर असेल तर काही वाईट नाही, पन्नास वर्षांत कुणाला पोचा येत नाही? पण चुंबक सुटण्याइतका थर म्हणजे आतला पत्रा सडून गेलाय आणि वरून मूर्तीसारखा आकार दिलाय. पहिल्या पावसात पाणी आत शिरतं, दुसऱ्या पावसात फोड येतात.

आता पद्मिनीच्या बाबतीत हे एवढं गंभीर का, ते समजून घ्या. जीपला किंवा हेराल्डला खाली वेगळी चासी असते. वरची बॉडी सडली तरी सांगाडा उभा राहतो. पद्मिनीला वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालचे आडवे पत्रे, छप्पर, हे सगळं मिळूनच चासी. म्हणजे दाराखालचा पत्रा सडला तर गाडीचं सौंदर्य नाही जात, कणा जातो.

हे तपासायची चाचांची पद्धत मला फार आवडली. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना दारं उघडून-लावून बघायची, फटी सारख्या आहेत का. मग एका बाजूने जॅकवर चढवायची आणि तीच दारं पुन्हा लावून बघायची. कणा शाबूत असेल तर दार तसंच लागतं. कणा गेला असेल तर गाडी मधोमध वाकते आणि दार चौकटीला घासतं. माझ्या क्रीम गाडीचं मागचं दार लागलंच नाही. विकणारा म्हणाला, "नवीन रबर आहे हो, टाइट बसतंय." चाचा काही बोलले नाहीत. खाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारला. तळाला सगळीकडे ताजा काळा कोट. त्यांनी मला हळूच सांगितलं, खालून मळकी गाडी बघितली की बरं वाटतं, खालून नटलेली बघितली की भीती वाटते. जिथे पाट्यांचे स्प्रिंग बॉडीला जोडतात, तिथे त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबलं. आत गेलं. बिस्किटात जावं तसं.

तुम्ही बघायला जाल तेव्हा आणखी काही जागा आहेत. पायाखालचं मॅटिंग उचला. डिकीत स्टेपनी काढून तिच्याखाली बघा, पाणी तिथेच साचतं. बॅटरीच्या खालचा पत्रा अॅसिडने खाल्लेला असतो. दाराच्या तळाला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती रंगाने बुजलेली असतील तर दार आतून सडत असणार. आणि समोरच्या काचेच्या रबराखाली बोट फिरवून बघा.

काचेच्या रबरावरूनच खरी गंमत झाली. चाचांनी मागच्या काचेचं रबर नखाने किंचित उचललं, आणि खाली पिवळा रंग.

पिवळा!

मुंबईच्या टॅक्सीचा पिवळा. मग त्यांनी डाव्या बाजूला पुढे हात फिरवला. जुन्या टॅक्सीचे मीटर बाहेरच्या बाजूला, डावीकडेच असायचे. त्या जागेवर चुंबक पुन्हा घसरलं, मीटरची भोकं लांबीने बुजवलेली. छपराच्या कडेला कॅरिअरच्या पकडीचे दाब. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदवलेली होती, तिची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. तोवर दरवर्षी कितीतरी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरत होत्या. त्यातल्या काही भंगारात गेल्या, काही अशा रंगरंगोटी करून माझ्यासारख्यांच्या नशिबी.

आता टॅक्सी असणं हा काही गुन्हा नाही. रीतसर खाजगीत नोंद बदलता येते. पण आमच्या आरसीवर तर १९८६ ची, पहिल्या दिवसापासून खाजगी असलेली गाडी होती. मग पिवळा रंग आला कुठून?

इथून कागदांचा भाग सुरू होतो, आणि इथे कंटाळू नका.

आरसीवर दोन नंबर असतात, चासी नंबर आणि इंजिन नंबर. गाडीवर चासी नंबर पाटीवर असतो आणि पत्र्यावर ठोकलेलाही असतो. पाटी रिव्हेटने बसवलेली असते, म्हणजे ती काढता येते. ठोकलेला नंबर काढता येत नाही, फक्त घासता येतो. आरटीओत त्या ठोकलेल्या नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात. लहानपणी नाण्याचा छाप घ्यायचो ना, तसाच. हे आपण आधीच करावं. पातळ कागद, मऊ पेन्सिल, दोन मिनिटांचं काम. मी केलं. पाटीवरचा नंबर आरसीशी जुळत होता, पण पाटीचे रिव्हेट नवेकोरे चमकत होते. आणि पत्र्यावरचा छाप घेतला तर शेवटचे आकडे वेगळे आणि मध्ये घासल्याच्या रेघा.

म्हणजे कागद एका मेलेल्या गाडीचे, पत्रा दुसरीचा. बाहेरून यूआय चकाचक आणि आत डेटाबेसच दुसऱ्याचा. अशी गाडी नावावर झाली आणि पुढे कुठे तपासणीत छाप जुळला नाही, तर उत्तर कोण देणार? ज्याच्या नावावर आहे तो. मी विसार परत मागितला. मिळाला नाही. चाचा म्हणाले, "चल. चहा पिऊ." परतीच्या बसमध्ये ते झोपले आणि मी सोलापूर येईपर्यंत जागा.

दुसरी गाडी घरापासून चार किलोमीटरवर निघाली. होटगी रोडला एका बंगल्याच्या शेडमध्ये, वर जुन्या चादरी टाकलेल्या. सोलापूर म्हटल्यावर गाडीवरही चादरच असणार. १९८३ ची पद्मिनी. रंग पार उडालेला, डॅशबोर्डला भेगा, सीटमधून काथ्या बाहेर, टायर जमिनीला चिकटलेले. मला अजिबात आवडली नाही. चाचांनी चुंबक फिरवलं, जवळजवळ सगळीकडे धरलं. जॅकवर चढवली, दार ठप्प करून लागलं. त्यांचा चेहराच सांगत होता.

यामागे साधं कारण आहे. आपल्याकडे पाऊस कमी, हवा कोरडी. कोकणातली किंवा मुंबईतली गाडी खारट दमट हवेत आतून सडते. सोलापूरची गाडी उन्हात वरून करपते. रबर कडक होतं, रेग्झिन तडकतं, रंग खडूसारखा होतो. पण हे सगळं बदलता येतं. पत्रा वाचलेला असतो. म्हणून किनाऱ्याकडची चकाचक आणि आपल्याकडची भकास अशा दोन समोर आल्या तर भकास आधी बघा. आपल्या उन्हाचा एवढा एक तरी फायदा.

त्या गाडीची अडचण वेगळी होती, कागदांचीच. मालक २०१६ मध्ये वारले. नोंदणीची मुदत २०१८ मध्ये संपलेली. खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि वीस वर्षांपेक्षा जुन्या कारची नूतनीकरणाची फी २०२५ पासून दहा हजार रुपये झाली आहे. उशिराचा दंड महिन्यागणिक वाढत जातो, तेव्हा मुदत कधी संपली हे विचारल्याशिवाय भाव करूच नका. शिवाय मालक हयात नसेल तर मुलगा "मीच विकतो" म्हणाला तरी त्याची सही चालत नाही. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, त्याला बाकीच्या वारसांची संमती लागते. त्यानंतर फॉर्म २९ आणि ३० ने तुमच्या नावावर. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८, म्हणजे ना-हरकत. जुन्या बँकेचा बोजा आरसीवर तसाच राहिलेला असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. कर्ज तीस वर्षांपूर्वी फिटलेलं असतं आणि बँकेची ती शाखाच बंद झालेली असते, अशी प्रकरणं चाचांनी दोन-तीन सांगितली.

आणखी एक. एम-परिवाहन अॅपवर नंबर टाकून बघा, पण जुन्या तीन अक्षरी नंबरच्या बऱ्याच गाड्या तिथे सापडतच नाहीत, कारण त्यांची नोंद रजिस्टरमधून कॉम्प्युटरवर आलेलीच नाही. तिला बॅकलॉग एंट्री म्हणतात. ती मालकाच्या नावावर असतानाच, त्याच्याकडूनच करून घ्या. व्यवहार झाल्यावर तो तुमचा फोन उचलेलच असं नाही.

आता इंजिन. तुम्ही म्हणाल, एवढा वेळ इंजिनाचा शब्द नाही. मुद्दामच. ज्या टॅक्सींनी मला फसवलं त्यांनीच इंजिन स्वस्त करून ठेवलंय. इतकी वर्षं हजारो पद्मिनी रस्त्यावर होत्या, त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्लच प्लेट हे सगळं कुर्ल्याच्या जुन्या बाजारात अजून मिळतं आणि काम येणारे मिस्त्रीही आहेत. इंजिन खोलून पुन्हा बांधता येतं. न मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्याच: मागच्या दिव्याची मूळ काच, दाराचे मूळ हँडल, क्रोमच्या पट्ट्या, नावाची अक्षरं. या गाडीवर त्या असतील तर मोजून घ्या, नसतील तर भाव पाडा.

तरी इंजिन बघायचं कसं? विकणाऱ्याला आधी फोन का नाही केला, ते इथे. फोन केला की तो गाडी तापवून ठेवतो. गरम इंजिन पटकन चालू होतं, धूर कमी दिसतो. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर चहा प्या, गप्पा मारा, निवू द्या. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा (गरम असताना उघडाल तर हात भाजेल, हे मी अनुभवाने सांगत नाही, चाचांचा हात बघून सांगतो). पाण्यावर तेलाचा तवंग नको. तेलाच्या झाकणाच्या आत दुधाच्या सायीसारखं काही नको, कारण त्याचा अर्थ पाणी आणि तेल एक झालं, हेड गॅस्केट गेलं. आपल्याकडे आणखी एक भानगड, बोअरचं पाणी. वर्षानुवर्षं जड पाणी घातलेल्या रेडिएटरमध्ये क्षार धरतात, गाडी उन्हाळ्यात तापते आणि माणूस इंजिनाला दोष देतो. चालू केल्यावर धूर बघा. निळा म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे कार्बोरेटर जास्त पेट्रोल पाजतोय, पांढरा सकाळी थोडा चालतो पण थांबलाच नाही तर पाणी जळतंय.

पेट्रोलचंही बघा. या इंजिनांच्या जन्माच्या वेळी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, इथेनॉल नव्हतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणजे गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकी आतून गंजते. जुन्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात. आणि कार्बोरेटरला काही सेन्सर नाही, तो आपणहून जुळवून घेत नाही, म्हणून जेट बदलून मिश्रण लावून घ्यावं लागतं. पेट्रोलची नळी कडक, भेगाळलेली दिसली तर टेस्ट ड्राइव्ह घेऊच नका. आधी नळी बदला. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर गाडी राहील की तुम्ही, हा प्रश्न येईल.

चालवताना मी फक्त तीन गोष्टी बघतो. सपाट रस्त्यावर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग किती फिरवल्यावर चाक वळायला लागतं, आणि स्टिअरिंगवरचा गिअर सापडतो की शोधावा लागतो.

आता भाव. विकणारा म्हणतो, "मी एवढा खर्च केलाय." त्याने किती खर्च केला याच्याशी आपला संबंध नाही. मी उलटा हिशोब केला. तशीच, चांगल्या अवस्थेतली, कागद पूर्ण असलेली पद्मिनी मला कितीला मिळेल? मी बघितलेल्या तीन-चार गाड्यांवरून साधारण दोन लाख. मग चाचांकडून एकेक काम लिहून घेतलं. तळाच्या दोन जागी पत्रा कापून बसवणं २२ हजार. सगळी रबरं ९ हजार. रेडिएटर, नळ्या आणि टाकीची सफाई ११ हजार. ब्रेक ८ हजार. इंजिनाचं हेड उघडणं २५ हजार. टायर आणि बॅटरी २० हजार. झाले ९५. कागदांचे १५ धरले. आणि उघडल्यावर जे निघेल त्यासाठी कामाच्या १५ टक्के, म्हणजे अजून १५ हजारांच्या आसपास. दोन लाखांतून सव्वा लाख गेले, उरले ७५ हजार. मालकाच्या मुलांनी सांगितले होते एक लाख दहा. मी वही त्यांच्यासमोर ठेवली, एकेक ओळ वाचून दाखवली. धाकट्या भावाने चाचांना विचारलं, "हे खरं हाय का?" चाचा म्हणाले, "रबराला ह्याने कमीच लावलाय." ७८ वर ठरलं.

बरेच जण मला विचारतात, व्हिंटेज नोंदणी करून टाक ना. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हीए मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. नवीन नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, माझी गाडी १९८३ ची, तिला पन्नास व्हायला २०३३ उजाडेल. पहिल्या १९७४ च्या पद्मिनी आत्ता कुठे त्या रांगेत आल्यात. दोन, व्हिंटेज नंबरची गाडी रोज चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. तेव्हा कुणी १९७५ ची गाडी "व्हिंटेजमध्ये होईल" म्हणून पन्नास हजार जास्त मागत असेल, तर चुंबक काढा आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. त्यात डिझेलचं इंजिन बसवलेलं निघालं तर तो भाव तिथेच संपला.

यावेळी विसार दिला अकरा हजार, पण स्टॅम्प पेपरवर. त्यात लिहून घेतलंय की चासीचा छाप आरसीशी जुळला नाही किंवा सहा महिन्यांत वारसाच्या नावावर झाली नाही तर विसार परत. छाप मी आधीच घेतला होता, जुळतो. पाकिटात ठेवलाय तो कागद.

वडिलांना अजून पटलेलं नाही. "एवढ्या पैशात दोन वर्षं जुनी मारुती आली असती," हे त्यांनी आतापर्यंत किती वेळा म्हटलं ते मी मोजणं सोडलंय. पण परवा न सांगता होटगी रोडला जाऊन आले आणि म्हणाले, ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली करायचं हँडल सैल आहे, चाचाला सांग.

गाडी अजून त्या शेडमध्येच आहे, चादरीखाली. दोन भावांच्या सह्या झाल्या. तिसरे, थोरले, लातूरला असतात. गड्ड्याच्या यात्रेला येतो, तेव्हा करतो म्हणालेत.